बॉयलरवाल्याचा मदतनीस

मुक्हो बंदर
१८ नोव्हेंबर १९९६

मान्हो,

तू पोलिसातली नोकरी सोडल्याचं वाचून आनंद झाला. इतकी वर्षं पगार घेऊन ज्याला पकडता आलं नाही, त्याला आता बिनपगारी पकडणार म्हणतोस. सरकारचे तेवढेच पैसे वाचले.

पुढच्या महिन्यात माझ्या सेरिमला जाऊन दोन वर्षं होतील. तुझ्या साहेबांचा मागच्या आठवड्यात फोन आला होता. फाईल बंद केली नाही, 'बाजूला ठेवली आहे' म्हणाले. मी म्हटलं, बरं केलंत, समोर असली की डोळ्यांना त्रास होतो. थेबेकच्या खोऱ्यातल्या चार बायकांपैकी तिघींची प्रेतं मिळाली, त्यात माझी एक. चौथीचं तेही नाही. म्हणजे मी नशीबवान आहे, असं त्यांनी मला फोनवर समजावून सांगितलं.

सोबत सुकवलेले माकूळ आणि दुकानातली माझी मधली सुरी पाठवतेय. माकूळ तुझ्यासाठी. सुरी कोणासाठी ते तूच शोध.

तुझी ताई
योंगरान


थेबेक
५ डिसेंबर १९९६

ताई,

माकूळ पोचले, सुरी पोचली, टोमणेही एकही न सांडता पोचले. टपालखात्याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

मला काम लागलंय. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी गुक जोंगपिल नावाच्या बॉयलरवाल्याचा मदतनीस झालोय. घराघरांत जमिनीखालून गरम पाण्याचे पाइप घालायचे, तुंबलेले साफ करायचे. पाइप मी वाहतो, पान्याला हात तो लावतो आणि चहा आम्ही दोघे पितो. खाणी बंद पडल्यापासून इथे निम्मी घरं रिकामी आहेत, पण उरलेल्या निम्म्यांना थंडी वाजतेच.

याच्याकडेच का, असं विचारशील. सेरिमच्या भाड्याच्या खोलीतला बॉयलर ती जाण्याच्या आदल्या आठवड्यात दुरुस्त झाला होता. बाकी तिघींच्या घरीही त्या हिवाळ्यात बॉयलरवाला येऊन गेला होता. थंडीत बॉयलरवाला आला की कुठलीही बाई दार उघडते आणि वर पाया पडते. आम्ही हे तेव्हा कागदावर का लिहिलं नाही? कारण आम्ही 'संशयास्पद अनोळखी इसम' शोधत होतो. बॉयलरवाला कोणाला अनोळखी वाटतो?

माणूस फार सज्जन आहे. चर्चमध्ये गातो, म्हाताऱ्यांकडून मजुरी घेत नाही. मला आडनावाने हाक मारतो. परवा म्हणाला, "तकभाऊ, तुमचे गुडघे दुखतात ना? जड पाइप मी घेतो." खात्यातल्या एकाही साहेबाने मला असं कधी विचारलं नव्हतं.

मान्हो


मुक्हो
१४ डिसेंबर १९९६

मान्हो,

अभिनंदन. भाचीला मारलेल्या माणसाच्या हातचा चहा पितोस. साखर किती घालतो तेही कळव.

'खात्री व्हायला हवी' वगैरे लिहू नकोस, ते मी तुझ्या खात्याच्या पत्रांत खूप वाचलंय. सुरीला धार लावूनच पाठवली होती. तुला जमत नसेल तर मला गाडीचं तिकीट पाठव. माकूळ साफ करायला मला दोन हालचाली लागतात, माणसाला चार लागतील.

काल सेरिमचं श्राद्ध केलं. सूप, भात, सुका मासा, पेअरच्या फोडी. तिचा फोटो मांडला आणि मान्हो, मला तिचा आवाज आठवेना. ती हसताना आधी श्वास आत घ्यायची की बाहेर सोडायची? तासभर बसले. मग शेजारच्या बायका जेवायला आल्या आणि त्यांनी सगळं संपवलं.

योंगरान


थेबेक
१२ जानेवारी १९९७

ताई,

आता नीट बसून वाच.

खात्री झाली. गुक सोमवारी कामाला गळ्यात मफलर घालून आला. राखाडी, एक टोक दुसऱ्यापेक्षा रुंद. तू विणायला बसलीस की टाके मोजायचा कंटाळा करतेस, म्हणून असा मफलर अख्ख्या देशात एकच आहे, सेरिमचा. मी म्हटलं, "छान आहे मफलर." तो म्हणाला, "हो ना, एका गिऱ्हाइकाने दिला. जरा वेडावाकडा आहे, पण ऊब आहे." मी जड पाइप उचलला आणि त्याच्या मागे चाललो.

त्याच संध्याकाळी त्याला बंद पडलेल्या खाणीत नेलं. जुना बॉयलर भंगारात विकू म्हटल्यावर तो आनंदाने आला. आता तो तिथेच आहे, साखळीने रुळाला बांधलेला. त्याच्याच पान्याने त्याच्या उजव्या हाताची बोटं मोडली. पहिल्या बोटाला तो 'तकभाऊ, काहीतरी गैरसमज होतोय' म्हणाला. शेवटच्या बोटाला त्याने चौथ्या मुलीला कुठे ठेवलंय ते सांगितलं. बांगबाईंची मिजिन, जिचं प्रेत मिळालं नाही ती. जागा पत्रात लिहीत नाही, नाहीतर तू कुदळ घेऊन पहिल्या गाडीने निघशील. मी स्वतः बघून येतो आणि मग बांगबाईंना सांगतो.

त्याला लगेच मारणार नाही. रोज भात घेऊन जातो. तो जेवतो, मी त्याच्यासमोर बसतो. ताई, मला वाटलं होतं की बरं वाटेल. वाटत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जातो. दारुड्याचं असंच होत असावं.

मान्हो


थेबेक
२७ जानेवारी १९९७

आदरणीय भगिनी योंगरान यांस सादर प्रणाम,

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. माझ्या हाताला भाजल्यामुळे हे पत्र शेजारच्या सद्गृहस्थांकडून लिहून घेत आहे, तरी अक्षराबद्दल क्षमा असावी.

ते काम पार पडले. आता आपण काळजी करू नये. गुक याच्याविषयी आपण कोणाशी काही बोलला असाल तर मला कळवावे, म्हणजे पुढची व्यवस्था करता येईल. मी स्वतः येऊ शकत नाही, म्हणून एका विश्वासू मित्राला आपल्याकडे पाठवत आहे. त्याच्याबरोबर निःशंकपणे यावे. आपल्या हातच्या सुपाची फार आठवण येते.

आपला प्रिय बंधू
मान्हो


मुक्हो
३१ जानेवारी १९९७

प्रिय मान्होस अनेक आशीर्वाद,

तुझे पत्र वाचून फार समाधान वाटले. किती रे गुणी तू. गुकविषयी मी कोणाशीही बोललेले नाही, माझ्यासारख्या एकट्या बाईशी बोलतो कोण. तुझ्या मित्राला अवश्य पाठव. दुपारी चारनंतर यावे, त्या वेळी दुकानात गिऱ्हाईक नसते. सूप करून ठेवते.

तुझी प्रेमळ भगिनी
योंगरान


थेबेक, रुग्णालय
९ मार्च १९९७

ताई,

हे काय चाललंय? मी दवाखान्यात आहे. डोक्याला टाके, अर्ध्या अंगाला मुंग्या. नर्स म्हणते, भंगारवाल्यांना मी बंद खाणीत पडलेला सापडलो. खिशात कागद नव्हता, त्यामुळे महिनाभर मी 'दोन नंबरचा पलंग' होतो. मुक्होच्या पोलिसांकडून काहीतरी निरोप आला तेव्हा कुठे मला नाव मिळालं.

मी खाणीत काय करत होतो? इथले लोक म्हणतात सत्त्याण्णव साल आहे. माझ्या हिशेबाने चौऱ्याण्णवचा शरद ऋतू. डॉक्टर म्हणाले, "मधलं परत येईल, किंवा येणार नाही." एवढं सांगायला सहा वर्षं शिकले म्हणे.

तू भेटायला का येत नाहीस? दुकान एक दिवस बंद ठेवलंस तर माकूळ समुद्रातच राहतील, पळून जाणार नाहीत. निदान सेरिमला पाठव. तिला सांग, मामा उपाशी आहे, इथल्या सुपात त्यांनी भांडं विसळलेलं असतं.

मान्हो


गांगनुंग
१७ मार्च १९९७

मान्हो,

जिवंत आहेस. लिहायला एवढंच सुचत होतं, पण कागद मोठा दिलाय.

पत्ता बघून दचकू नकोस. मला सरकारी जागा मिळालीय. राहणं फुकट, निळे कपडे फुकट, भिंती उंच आणि दाराला रखवालदार. दुकान तूर्त बंद आहे. रजा मिळत नाही, म्हणून येता येत नाही.

सेरिम बरी आहे. बालवाडीतली पोरं तिला फार छळतात आणि ती त्यांना लाडावून ठेवते. पत्र लिहायचा कंटाळा, तो मामाकडून आलाय. तुला भेटायला ये म्हटलं तर म्हणते, बर्फ वितळू दे.

नीट जेव. डॉक्टरांशी भांडू नकोस.

ताई


थेबेक, रुग्णालय
२ एप्रिल १९९७

ताई,

सरकारी जागा म्हणजे कसली, ते मी ओळखलं. बाविसेक वर्षं मी लोकांना तिथेच पाठवत होतो. काय केलंस? गिऱ्हाइकाला सूप फेकून मारलंस? वकील कोण आहे? नर्सना विचारलं की खिडकीबाहेर बघतात.

दुसरी गोष्ट. एक बाई रोज येते. बांग सुनोक नाव. बाजारात भाजी विकते, अंगावर पुरुषाचा कोट. पलंगाजवळ उभी राहते आणि एकच विचारते, "साहेब, माझी मिजिन कुठे आहे?" मी म्हणतो, "बाई, मी मिजिन नावाच्या कोणालाही ओळखत नाही." ती म्हणते, "तुम्हाला माहीत आहे. फक्त तुम्हालाच." मग नर्स तिला बाहेर काढते. जाताना उशाशी दोन मुळे ठेवून जाते. काल मी चिडून ओरडलो तिच्यावर. ती आजही आली.

कोण आहे ही? आणि बर्फ वितळलाय. सेरिम कुठे आहे?

मान्हो


गांगनुंग
१० एप्रिल १९९७

मान्हो,

मागच्या पत्रात खोटं लिहिलं. ते लिहिताना मला जे सुख झालं, त्याची शिक्षा म्हणून हे लिहितेय. नर्सला जवळ बसायला सांग.

सेरिम नाही. चौऱ्याण्णवच्या डिसेंबरमध्ये तिला एका माणसाने मारलं. तिच्याआधी दोघींना, तिच्यानंतर मिजिनला. तू नोकरी सोडून त्याच्या मागे लागलास, त्याच्याकडे मदतनीस म्हणून राहिलास. तो गुक जोंगपिल. त्याला खाणीत बांधून ठेवलंस. पोलिस म्हणतात, त्याने साखळी बांधलेला रूळ उखडला, तुझं डोकं फोडलं, तू मेलास असं समजला आणि तुझ्या खोलीत गेला. तिथे त्याला माझी पत्रं मिळाली. त्यात माझं नाव, पत्ता आणि तो कोण ते मला ठाऊक असल्याचा पुरावा. तुझी पत्रं माझ्याकडे होती, त्यामुळे तू मला कसं लिहितोस हे त्याला कळायचा मार्ग नव्हता. म्हणून त्याने डाव्या हाताने लिहिलं, 'आदरणीय भगिनी'. जन्मल्यापासून तू माझा कधी आदर केला नाहीस. मी पहिल्या ओळीतच समजले की तू गेलास आणि तो येतोय.

पोलिसांना का कळवलं नाही, असं न्यायाधीशांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांनी फाईल बाजूला ठेवली होती, परत मध्ये कशाला आणायची. खरं कारण असं की मी नंबर फिरवला आणि पलीकडून उचलायच्या आत ठेवून दिला. मला तो माझ्याकडे हवा होता.

तो चार वाजून गेल्यावर आला. उजव्या हाताला पट्टी, गळ्यात तो मफलर. "तकभाऊंनी पाठवलंय," म्हणाला. मी म्हटलं, "बसा, गारठलात." त्याने दोन वाट्या सूप प्यायलं. मिरची जरा कमी हवी म्हणाला. बाजूच्या शेडमध्ये बायका माकूळ साफ करत मोठ्याने गप्पा मारत होत्या.

तिसऱ्या वाटीच्या वेळी मी मागून गेले. पायाच्या शिरेवर पहिला वार, म्हणजे उठता येऊ नये. मग समोर बसले आणि विचारलं, "सेरिम शेवटी काय म्हणाली?" दोन वर्षं हा एक प्रश्न मी जपून ठेवला होता. तू कुठे आहेस हे आधी विचारायला हवं होतं, पण तुझा नंबर दुसरा होता, वाईट वाटून घेऊ नकोस.

तो घाबरला होता, रडत होता, पण त्याने खरंच आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या घालून. आणि म्हणाला, "त्यातली कुठली?"

त्याला तिचं नावही माहीत नव्हतं, मान्हो. तिचा मफलर गळ्यात घालून हिंडत होता.

मग तो भराभरा बोलायला लागला. "एकीची जागा सांगतो, जी मिळाली नाही तिची, मला दवाखान्यात न्या, सगळं सांगतो." मी ऐकलं. स्पष्ट ऐकलं. थांबायला हवं होतं. चार हालचाली लागतील असं मी तुला लिहिलं होतं, तो अंदाज साफ चुकला. बराच वेळ लागला आणि त्यातल्या बहुतेक वेळात तो बोलू शकत होता. मीच विचारलं नाही.

त्याने ती जागा तुला आधीच सांगितली होती, तू तसं पत्रात कळवलंस, पण जागा लिहिली नाहीस. मला वाटलं होतं, ती तुझ्याबरोबर गेली. तू जिवंत आहेस हे कळलं तेव्हा पोलिसांमार्फत मीच बांगबाईंना निरोप धाडला की तुला विचारा. तू विसरला आहेस हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

आता ती जागा कोणाकडेच नाही. माझ्या मुलीचा सूड मी घेतला आणि बांगबाईंच्या मुलीची हाडं त्यात गमावली. मला नऊ वर्षं होतील असं वकील म्हणतो. तो म्हणतो, तेवढी झाली तर अपील करू. मी म्हटलं, राहू द्या.

त्या बाईवर ओरडू नकोस.

ताई


थेबेक
२१ मे १९९७

ताई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तुम्ही सगळ्यांनी दोन वर्षं थोडं थोडं रडून घेतलंत, मला एकदम करावं लागलं. डॉक्टरांनी झोपेचं औषध दिलं. मी म्हटलं, झोपेनेच तर गेलं सगळं.

तू खोटं लिहिलंस याचा राग नाही. खरं लिहिलंस याचा होता, बरेच दिवस. आता तोही कमी झाला.

काठीने चालतो. बांगबाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफीचं मी काय करू? आठवा." आठवत नाही. माझ्याच चार-पाच पत्रांच्या नकला पोलिसांनी मला वाचायला दिल्या, एखाद्या आगाऊ माणसाची पत्रं वाचावीत तशी वाचली. मीच त्याची बोटं मोडली म्हणे. हात बघत बसलो.

जे आठवत नाही ते शोधता येतं का, बघतो. दुसरं मला काही येत नाही आणि तेही किती येतं, हे तू वेळोवेळी कळवलेलं आहेस.

मान्हो


थेबेक
३ नोव्हेंबर १९९७

ताई,

मिजिन मिळाली.

मी सगळं पहिल्यापासून केलं, जणू गुक जिवंत आहे आणि मी त्याला ओळखतच नाही. खरं तर ओळखत नव्हतोच. उन्हाळाभर बांगबाई आणि मी हिंडलो. दोन पावलांवर मी दम खायचो आणि त्या कुदळ खांद्यावर घेऊन वाट बघायच्या. जुनी खाण, नाला, रेल्वेचा बोगदा. कुठे काही नाही.

मग खाणकामगारांच्या ओसाड चाळीत गेलो. तिथे दहा वर्षांत कोणी राहिलं नाही. छपरं कोसळली आहेत, खोल्यांत झाडं उगवलीत. शेवटून दुसऱ्या खोलीत झाड नव्हतं. जमीन सपाट, गिलावा नवा. कोपऱ्यातून गरम पाण्याच्या पाइपचं तोंड वर आलेलं, चकचकीत. मी बराच वेळ बघत राहिलो. छप्पर नसलेल्या घरात कोण जमीन तापवायची सोय करतं?

पोलीस बोलावले. त्यांनी खणलं. बांगबाईंना लांब थांबा म्हटलं तर त्या म्हणाल्या, "इतक्या लांबून आलेय, आता आणखी लांब कुठे जाऊ?" त्या अंगातला कोट काढून हातात धरून उभ्या राहिल्या. तो मिजिनच्या वडिलांचा होता. बाहेर काढल्यावर तो त्यांनी तिच्यावर घातला.

दफन काल झालं. परतताना बसमध्ये त्यांना विचारलं, ताईला काही निरोप द्यायचा आहे का. मग म्हणाल्या, "तिला सांगा, माझा राग गेलेला नाही. पण आता तो घरात बसून करता येईल." मी म्हटलं, सांगतो. आज बाजारातून त्यांनी तुझ्यासाठी मुळे दिलेत. ते आत घेऊ देत नाहीत, म्हणून मी खाल्ले.

पुढच्या आठवड्यात भेटीची वेळ मिळालीय. काचेपलीकडून मला काय काय ऐकवायचं ते आधी ठरवून ठेव, वेळ थोडा असतो.

एक मात्र पत्रातच लिहितो, समोर जमणार नाही. माझ्या खोलीत मिळालेल्या जुन्या पत्रात तू लिहिलंयस की सेरिमचा आवाज आठवत नाही. मधली वर्षं माझ्याकडे नाहीत, ताई, त्यामुळे माझ्या दृष्टीने ती आत्ताच येऊन गेली. माझ्या स्वयंपाकघरात भात करायला घेतला होता, बोलता बोलता करपवला आणि खापर भांड्यावर फोडलं. हसताना ती आधी श्वास आत घेते, जरा घुसमटल्यासारखा, आणि आवाज मागून येतो. मग पातेलं खिडकीबाहेर धरून धूर हाकलत म्हणाली, "मामा, आईला सांगू नकोस हं, ती वर्षभर बोलेल."

मान्हो